सदाआप्पांनी किल्ली दिली नाही

फोन आला तेव्हा माझा उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात होता. वेल्ह्याच्या पुढची एक वाडी, अंधारा गोठा, अडलेली गाय. फोन दाराजवळ टांगलेल्या पिशवीत वाजत राहिला. शेवटी त्या घरच्या सुनेनं तो काढून माझ्या कानाला लावला. पलीकडे सुरेखा होती, सदाआप्पांची मुलगी. “डॉक्टर, आप्पा गेले. सकाळी चहा मागितला, मी आधण ठेवलं, तेवढ्यात...” मी म्हटलं, “येते.” पण येते म्हटलं तरी हात काढता येईना. वासराचा पुढचा पाय मागे दुमडलेला होता आणि तो नुकता कुठे माझ्या बोटांत आला होता. पुढचा अर्धा तास मी तो पाय सरळ करत होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात रिकामा नव्हता. वासरू जिवंत निघालं. मग मी भोरला गेले. अंत्यविधी उरकून गर्दी ओसरली होती. आप्पांना मी पाहिलं नाही.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. आप्पा माझे कोणी नात्यातले नव्हते. मी मूळची सांगलीची, जनावरांची डॉक्टर. चौदा वर्षांपूर्वी या डोंगरात आले ती दोन वर्षं काढू म्हणून. इथल्या वाड्यांना जायला चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी, म्हणून पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून जुनी जीप घेतली. त्यानं ती उंच करून घेतली होती, जाड टायर बसवले होते. उभी असली की रुबाबदार दिसायची, चालायला लागली की जीव खायची. साध्या खड्ड्यातही असा हादरा बसायचा की बर्फपेटीतल्या लशीच्या बाटल्या फुटायच्या. आणि पंचेचाळीस-पन्नासच्या वेगात चाक एखाद्या खड्ड्यावर आपटलं की स्टिअरिंग थडथडायला लागायचं. थांबायचंच नाही. गाडी जवळजवळ उभी करावी तेव्हा शांत व्हायचं, आणि पुढे दहा मिनिटं माझी मनगटं बधिर. पुण्यातल्या दोन गॅरेजांनी चाकांचं बॅलन्सिंग केलं, स्टिअरिंगला नवा डॅम्पर, म्हणजे थरथर शोषून घेणारा दांडा, घातला, टायर बदलायला लावले. प्रत्येक वेळी आठ दिवस बरं वाटायचं. मग पुन्हा तेच.

उत्रोलीच्या अलीकडे आप्पांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढे मुरमाचं अंगण. मी गेले तेव्हा साठीचा एक ठेंगणा माणूस, अंगात बंडी, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बाहेर उभा होता. मी बॉनेट उघडायला लागले तर म्हणाले, “ते ऱ्हाऊ द्या. मला बसवून न्या आदी.” माझ्या शेजारी बसले, चपला काढल्या आणि दोन्ही अनवाणी पावलं गाडीच्या पत्र्यावर टेकवली. आंबवड्याच्या रस्त्यानं मी गाडी काढली. ते विचारत होते आणि मी उत्तरं देत होते. कवापासनं हाय? आपोआप सुरू व्हतं का खड्ड्यानं? बिरेक मारल्यावर वाढतं का? जनावराच्या मालकाला मी नेमके असेच प्रश्न विचारते, आणि मालक जसा गोंधळतो तशी मी गोंधळले. अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मला ठाऊक नव्हती. मी ती गाडी रोज चालवत होते, पण तिला काय होतंय हे कधी बघितलंच नव्हतं. मग एका खड्ड्यावर थडथड सुरू झाली. आप्पांनी डोळे मिटले. “असू द्या, लगेच थांबवू नगा,” म्हणाले. मी घाबरून आधीच ब्रेक दाबला होता.

परत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा चारही टायरांतली हवा मोजली आणि बरीचशी सोडून दिली. मग पुढचं चाक जॅकवर उचललं, वर आणि खाली हात धरून हलवलं. आतून ‘कट्’ असा आवाज. मला सीटवर बसवून म्हणाले, “बिरेक दाबा. दाबून धरा.” पुन्हा हलवलं. पुन्हा ‘कट्’. “बगा. बिरेक दाबला की चाक न् बेरिंग एक व्हत्यात. तरीबी हलतंय म्हंजे ढिल बेरिंगात न्हाई, त्याच्या मागं हाय. किंगपिन गेली.” किंगपिन म्हणजे ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती. मग ते गाडीखाली सरपटले आणि मला हाक मारली. मीही मुरमावर आडवी झाले. त्यांनी स्प्रिंगचे पाटे दाखवले. “हे दोन जादाचे. गाडी उच करायला कुणीतरी घातल्यात. त्यानं गाडी ताठली, त्यात हवा कोंबलेली... मग बाटल्या फुटतील न्हाई तर काय. आन् पाट्यांनी फुडचा एक्सल फिरला जरा. चाकाला सरळ ऱ्हायाची वढच ऱ्हायली न्हाई.”

मी विचारलं, “मग तो नवा डॅम्पर कशासाठी घातला?”

“तोंड दाबायला,” आप्पा म्हणाले. “दुखतंय त्याचं तोंड दाबलं की ते वरडत न्हाई. दुखायचं थांबतं व्हय?”

जादाचे पाटे निघाले, किंगपिन बदलल्या, आणि ती जीप माझी झाली. पुढे दर महिन्या-दीड महिन्यानं माझं त्यांच्याकडे जाणं होई. काम नसलं तरी. ते मला डॉक्टरबाई म्हणायचे आणि माझ्या कामाबद्दल फार बारकाईनं विचारायचे. म्हशीचा ताप हातानं कळतो का, आतडं फिरलं तर बाहेरून आवाज येतो का. मीही सांगत बसायची. या परक्या मुलखात माझ्या कामातलं मर्म ओळखणारा पहिला माणूस मला गॅरेजात भेटला.

आमचं भांडण झालं ते एकदाच. सहा-सात वर्षं झाली असतील. बाजारातून परतताना स्टिअरिंग वळणावर किंचित उशिरा वळतंय असं वाटलं, म्हणून मी आप्पांकडे थांबले. ते खाली वाकून बघत होते तेवढ्यात पालीहून फोन आला. गाय अडलीय, सकाळपासून कळा देतेय, वासराचं डोकं दिसत नाही. मी म्हटलं, “आप्पा, आता राहू दे, परत येताना ठेवते.” ते उठले, गाडीची किल्ली काढली आणि खिशात घातली. “ही गाडी जात न्हाई.” मला वाटलं, थट्टा करतायत. मग मी रागावले. जे बोलायला नको ते बोलले. तुम्हाला गाडीपुढे काही दिसत नाही, तिथे एक जीव अडकलाय, तो गेला तर जबाबदार कोण... आप्पा एवढंच म्हणाले, “म्या.” त्यांनी मोटारसायकल बाहेर काढली, माझी पेटी स्वतःच्या पोटाशी बांधली आणि मला मागे बसवलं. पाली काही जवळ नाही.

आम्ही पोचलो तेव्हा वासरू गेलेलं होतं. गाय वाचली. उशीर झाला म्हणून वासरू गेलं की आधीच गेलं होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या दिवशी मी सांगितलं. हात धुता धुता, त्या घरच्या म्हातारीसमोर म्हटलं, “अर्धा तास आधी आले असते तर.” आप्पा गोठ्याच्या दाराशी उभे होते. त्यांनी ऐकलं. पुढे होऊन म्हातारीबरोबर ते मेलेलं वासरू पोत्यात घातलं आणि बांधावर पुरून आले.

परतताना मार्गासनीला चहाला थांबलो. ऊन कलत होतं. आप्पांनी बशी खाली ठेवली आणि रस्त्याकडे बघत बोलायला लागले. त्यांना एक धाकटा भाऊ होता, विष्णू. भोर-महाड वडापची जीप चालवायचा. लग्नसराईचे दिवस, गॅरेजात गाड्यांची रांग. विष्णू आला आणि म्हणाला, दादा, स्टिअरिंग लई थरथरतंय. “म्या खाली बगितलंच न्हाई वो. सख्खा भाऊ, त्याचं काय, उद्या करू... नवा डॅम्पर व्हता पडल्याला, तेवढा बसवला. थरथर थांबली. हसत गेला.” वरंध्याच्या उतारावर स्टिअरिंगचा रॉड निसटला. सुदैवानं परत येताना गाडी रिकामी होती. एकटा विष्णूच होता. डोंगराच्या बाजूला आपटला. दोन दिवस शुद्धीवर होता, मग गेला. “बोलला न्हाई मला काय. मलाच वाटायचं, बोलंल. शिवी तरी दील.” आप्पांनी बशी उचलून गार झालेला चहा संपवला. मग म्हणाले, “वासराचं लई वाईट वाटलं, डॉक्टरबाई. पर किल्ली दिली नसती म्या. आताबी देणार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेले. स्टिअरिंगच्या रॉडच्या टोकाला एक गोळा असतो, वाटीत बसलेला. आप्पांनी मला तो रॉड धरून ओढायला सांगितला. मी एका हातानं ओढला आणि गोळा वाटीतून बाहेर आला. माझ्या हातानं. आप्पांनी ‘बघा’ म्हटलं नाही. ते नवा गोळा आणायला आत गेले. मी तिथेच मुरमावर बसून राहिले. माफी मागायची असं ठरवलं आणि मागितली नाही. पुढेही कधी मागितली नाही... हे लिहिते आहे ते त्यासाठीही असेल.

गेल्या वर्षी आप्पांची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला पुण्याला जावं लागे. सुरेखा भोरच्या शाळेत शिकवते, तिला दर वेळी रजा मिळायची नाही. मग काही खेपा मी केल्या. परतताना ते अगदी गळून गेलेले असत. पायांना सूज, अंगावर शाल. शेवटच्या खेपेला कापूरहोळच्या आसपास ते डोळे मिटूनच म्हणाले, “डाव्या अंगाला पाट्याचं बुश बोलाय लागलंय.” मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. मी चहाच्या टपरीवरून खुर्ची आणली, ते बसले आणि मी साडीचा पदर खोचून गाडीखाली गेले. ते वरून सांगत होते, कुठे हात लावायचा, कुठे दाबायचं. पाट्याच्या टोकाशी बुशचं रबर चिरलेलं माझ्या बोटाला लागलं. मी खालूनच ओरडले, “सापडलं आप्पा!” ते हसले असावेत. खालून मला त्यांची सुजलेली पावलं तेवढी दिसत होती. त्यांना उठवून गाडीत बसवताना म्हणाले, “दमलो बगा आता.” गाडीचं नव्हते बोलत.

परवा सुरेखाचा पुन्हा फोन आला. गॅरेजची जागा फरशीवाल्यानं भाड्यानं घेतलीय, सामान हलवायचंय, येता का? गेले. पाने, जॅक, पाट्यांचे तुकडे आधीच कोणी कोणी नेले होते. शेड रिकामी झाली होती आणि जमिनीत खोदलेला, वर गाडी उभी करून खालून काम करायचा लांबट खड्डा उघडा पडला होता. उद्या त्यात मुरूम भरणार होते. मी पायऱ्या उतरून खाली गेले. आतल्या भिंतीवर एका जागी तेलकट, काळा, गुळगुळीत डाग होता, तळहाताएवढा. वर्षानुवर्षं डोकं टेकून टेकून झालेला. आप्पा ठेंगणे, त्यामुळे तो माझ्या हनुवटीशी येत होता. सुरेखाही हळूहळू उतरली. लहानपणी तिला इथे यायची बंदी होती. तिनं डागावर तळवा ठेवला.

“आई गेली ना, तेव्हा तेराव्यानंतर आप्पा रोज हितंच असायचे,” ती म्हणाली. तिची आई गेली ती आमची ओळख होण्याच्या कितीतरी आधी. “मी शाळेतून यायची, दारातून जेवायला हाक मारायची. ‘एवढं बगतो आन् येतो,’ म्हणायचे. मला वाटायचं, काम लई आलंय. एक दिवस मीच ताट घेऊन आत आले...”

वर पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं.

“वर गाडीच नव्हती, डॉक्टर.”