हमीपत्राला जामीनदार

चोपड्याला न्यायाधीश होतो तेव्हा माझं दिवसभराचं बोलणं कोर्टातच व्हायचं. बायको-मुलं धुळ्याला. गावात कुणाच्या लग्नाला जायचं नाही, कुणाचा चहा घ्यायचा नाही. उद्या तोच माणूस पक्षकार म्हणून समोर यायचा. हे मला पटायचं, आणि संध्याकाळी घर खायला उठायचं.

त्या दिवशी साठीतल्या एका शेतकऱ्याला मी दोषी ठरवलं. विहिरीचं पाणी घेण्याच्या पाळीवरून बिनसलं म्हणून त्याने चुलतभावाची घड धरलेली केळी विळ्याने आडवी केली होती. आमच्या खानदेशात हे माफ होत नाही. गावाने त्याच्याशी अबोला धरला होता.

शिक्षा सुनावण्याआधी मी नेहमीचा विचार केला: इतरांना धाक बसावा, नुकसान भरून निघावं, माणूस सुधारावा. पण तुरुंगात या वयात काय सुधारणार? म्हणून भावाला भरपाई, आणि वर्षभर चांगलं वागण्याच्या हमीपत्रावर सुटका. फक्त गावातला एक जामीनदार आणायचा. मोठी दया दाखवल्याच्या तोऱ्यात मी पुढचं प्रकरण घेतलं.

पाच वाजले तरी तो बाकावर एकटाच. त्याचे वकील म्हणाले, "साहेब, सख्खा मुलगाही जामीन राहायला तयार नाही."

"आबा, मग काय करायचं?" मी विचारलं.

"जेलमा धाडा साहेब. घर कोनी बोलत नही. तठे बोलाले मानसे तं राहतीन."

मी चरकलो. जिला मी सूट समजत होतो तीच त्याची शिक्षा होती, आणि इतकी वर्षं निकाल लिहून मला ते दिसलं नव्हतं. जामीनदाराची अट काढणं माझ्या हातात होतं. ती काढली, आणि सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याकडे दर महिन्याला हजेरी लावायची अट घातली.

"ते साहेब बोलतीन मनासंगे?"

"तुमच्याशी बोलतील. विचारपूस करणं त्यांचं कामच आहे."

"कितला येळ?"

"दहा-पंधरा मिनिटं."

त्याने जरा विचार केला. "मंग एक वरीस कमी शे साहेब. तीन करा."

शिक्षा वाढवून मागणारा तेवढाच एक आरोपी मला भेटला. कायदा तीन वर्षांपर्यंत जाऊ देतो. मी तीन लिहिली. कागदावर अंगठा उठवून तो निघून गेला, आणि मला त्याचा हेवा वाटला.