देवांची फुलं आणि गवत कापायचं मशीन

हिरवळीत लावलेल्या नर्गिसाची पानं मी ती हिरवीगार असतानाच कापून टाकली. मशीन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरवलं आणि वर घाम पुसत चहा मागितला.

सौदीच्या वाळूत नर्गिस आलं कुठून, ते आधी सांगायला हवं. तेलाचा पैसा धो धो वाहत होता ते दिवस. कतीफच्या पुढे समुद्राकाठी नवे कारखाने उभे राहत होते. माझ्यासारख्या पायपिंगच्या इंजिनियरला नाशिकहून उचलून आणून कंपनीने घर दिलं होतं, एसी दिला होता, आणि मागच्या दारी दोन सतरंज्यांएवढी हिरवळसुद्धा. वर्षभराने बायको आली. तिचे देव आले तुरीच्या डाळीत पुरून: एक बाळकृष्ण, एक अन्नपूर्णा. तिथे उघड पूजा चालत नव्हती. स्वयंपाकघरातल्या कपाटात वर मसाल्याच्या बरण्या आणि खाली देव, अशी सोय झाली. देवांनी कुरकुर केली नाही.

बायकोने केली. नाशिकला रोज सकाळी दाराच्या कडीला फुलपुडी अडकवलेली असायची. इथे पाकळीसुद्धा नाही. मी मोठ्या हौसेने बाजारातून प्लास्टिकचा गुलाब आणला.

"छान आहे," ती म्हणाली. "उद्या नैवेद्याला प्लास्टिकचा पेढा आणा."

मग शांतपणे म्हणाली, "एक हिवाळा बघते. फूल मिळालं तर ठीक, नाहीतर देवांना घेऊन मी परत." ती बोलते ते करते. आल्यापासून तिची बॅग पलंगाच्या कडेला उभीच होती, माळ्यावर चढली नव्हती.

शेजारच्या घरात माझा साहेब राहायचा, इंग्लंडचा. तो रजेवरून येताना पिशवीभर नर्गिसाचे कंद घेऊन आला. थंडी न मागणारी जात आहे म्हणाला, आणि अर्धे मला दिले. लावायची रीतही दाखवली. मूठभर कंद घेतले आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे गवतावर भिरकावले.

"जिथे पडतील तिथेच पुरायचे. मग दरवर्षी आपोआप येतात, कुणी लावलेच नव्हते असे दिसतात. आणि फुलं सरली की पानांना हात लावायचा नाही. ती पिवळी पडून आडवी होऊ देत. पुढच्या वर्षाचं फूल त्या पानांच्या जिवावर तयार होतं."

मी मान डोलावली. माझ्या मान डोलावण्याचा ऐकण्याशी काही संबंध नसतो, हे बायकोला ठाऊक होतं, साहेबाला नव्हतं.

तो घरात गेल्यावर मी भिरकावलेले कंद गोळा केले. इंजिनियरच्या अंगणात वस्तू कुठेही पडून कशी चालेल? दोरी बांधली, पट्टी लावून खुणा केल्या आणि कंद रांगेत पुरले. जानेवारीत फुलं आली. पांढरी, झुबक्याझुबक्यांनी, आणि वास असा की एसीच्या हवेतून आत यायचा. साहेबाने भिंतीवरून डोकावून पाहिलं.

"पगार घ्यायला उभी आहेत का रे?"

बायकोला मात्र रांग सोयीची वाटली. सकाळी अंघोळ करून जायची, एका टोकापासून खुडत यायची. फुलं गवतात बघायला लावतात, खुडायला नाही, असं साहेबाचं मत होतं. ती मला मराठीत म्हणाली, "त्यांना सांगा, बघणारे आत कपाटात बसलेत." मी ते सांगितलं नाही. पण त्याच आठवड्यात बॅग माळ्यावर गेली.

आणि मग आला चैत्र. बायकोने चैत्रगौरीचं हळदीकुंकू काढलं. कॉलनीतल्या पाच-सहा मराठी घरच्या बायका येणार होत्या. कैरी मिळाली होती, डाळ भिजत होती. मागच्या हिरवळीवर नर्गिसाची पानं अस्ताव्यस्त लोळत होती, झोपून उठलेल्या माणसाच्या केसांसारखी. पाहुण्या काय म्हणतील? मी मशीन काढलं.

सगळं चकाचक झाल्यावर साहेबाचं डोकं भिंतीवर उगवलं. "हे काय केलंस?"

"साफ केलं. घरी कार्यक्रम आहे."

"पुढच्या वर्षीची फुलं साफ केलीस."

संध्याकाळी बायका आल्या. गौर मांडलेली म्हणून सगळे पडदे घट्ट ओढून घेतलेले. हिरवळ कुणी पाहिलीच नाही.

पुढच्या हिवाळ्यात पानं आली, तीही किडकिडीत. कळी एक नाही. बायको रोज सकाळी रिकामी वाटी घेऊन जायची आणि रिकामी घेऊन यायची. मी कधी हवेला दोष दिला, कधी पाण्यातल्या खाराला. शेवटी तिने भिंतीपलीकडे साहेबालाच विचारलं, आणि त्याने तिला कळेल अशा सावकाश इंग्रजीत सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या हळदीकुंकवासाठी तुम्ही माझ्या देवांची फुलं कापलीत?"

"अगं, यंदा पानं राहिली तर पुढच्या वर्षी पुन्हा येतील. साहेब म्हणतो."

"राहिली तर," ती म्हणाली, आणि स्टूल घेऊन बॅग माळ्यावरून खाली काढली. भरली नाही. नुसती पलंगाच्या कडेला उभी केली. रात्री पाणी प्यायला उठलो की माझ्या पायाची करंगळी तिच्यावर आपटायची. हलवायची हिंमत झाली नाही.

त्या वसंतात आमच्याकडे शटडाउन होता. सगळा कारखाना बंद ठेवून पाइप न पाइप तपासायचा. मी सूर्य उगवायच्या आत जायचो, अंधारात यायचो आणि जेवता जेवता पेंगायचो. घराला मागचं दार आहे, हेही विसरलो होतो.

पुढचा हिवाळा आला. एका सकाळी ती ओल्या केसांनी आत आली, वाटीत एक झुबका. कपाट उघडून तिने तो बाळकृष्णापुढे ठेवला, हात जोडले. मग मला म्हणाली, "ती बॅग वर टाका."

बॅग उचलताना माझी छाती फुगली. म्हटलं, "बघितलंस? मी लावलेल्या कंदांना शेवटी फूल आलंच की नाही!"

"आलं," ती कपाट लावत म्हणाली. "गेल्या चैत्रात तुम्ही घरी नव्हतात, म्हणून आलं."