नेमकी प्रार्थना

परदेशात आम्ही राहतो त्या अवोन्डेल उपनगरातली आमची शेजारीण निवृत्त शिक्षिका आणि चर्चची खंदी कार्यकर्ती. तिनेच मला चर्चच्या शांतता-पथकात ओढलं. "तू फार्मासिस्ट आहेस, पाऱ्याबद्दल तू बोल. तिथे हीप्स ऑफ काम आहे," म्हणाली. समुद्रापलीकडच्या एका डोंगराळ देशात गरीब माणसं नदीकाठच्या छोट्या खाणींतून सोनं काढतात, ते पाऱ्यात धरतात आणि सोनं सुटं करायला तो पारा घरच्या चुलीवर जाळतात. वरून बंदूकवाले येऊन वाटा नेतात. परदेशी पाहुणे गावात असले की बंदुका जरा लांब राहतात, म्हणून चर्च दरवर्षी माणसं पाठवतं. मी चर्चची नाही, आमच्या घरी गणपती बसतो. तरी रजा टाकून गेले.

तिथल्या बायकांच्या पुढारणीकडे आम्ही उतरलो होतो. चुलीवर पारा जाळू नका, पोरांच्या अंगात विष जातं, असं मी दुभाष्यामार्फत घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. तिला ते पटलं. त्या विश्वासावर एका संध्याकाळी तिने आम्हाला सांगितलं की दर गुरुवारी ती सगळ्यांचं सोनं घेऊन मागच्या रानातून, झुलत्या पुलावरून पलीकडच्या व्यापाऱ्याकडे जाते. बंदूकवाल्यांना त्याचा पत्ता नव्हता.

परतल्यावर चर्चच्या रिवाजाप्रमाणे कुणासाठी काय मागायचं याचा प्रार्थनेचा कागद काढायचा होता. प्रार्थना मोघम नको, नेमकी हवी, असा त्यांचा दंडक. माझी टिपणं नीटनेटकी, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: गुरुवारी पूल ओलांडणाऱ्या आपल्या भगिनीला देव सांभाळो. देवाला वार कशाला सांगावा लागतो, हा साधा प्रश्न मला पडला नाही. सगळ्यांनी वाचलं, सगळे गहिवरले. मग तो कागद प्रेमाने त्या बाईच्याच तालुक्याच्या चर्चला गेला आणि रविवारी भरल्या सभेत मोठ्याने वाचला गेला. ऐकणाऱ्यांत कोण कोण बसलं होतं, देव जाणे.

पुढच्याच गुरुवारी पुलावर माणसं बसली होती. सोनं गेलं. तिच्या उजव्या हाताची बोटं त्यांनी दगडाने ठेचली.

घरी मी हे सांगितलं तेव्हा माझी लेक एवढंच म्हणाली, "आई, बट यू टोल्ड देम द डे?" इथे जन्मलेल्या पोरीला जे एका क्षणात दिसलं, ते मला, शिकल्यासवरल्या बाईला, दिसलं नव्हतं. लाज वाटली. अजून वाटते.

शेजारीण रडत आली. "या रविवारी आपण तिच्यासाठी खास प्रार्थना ठेवू," म्हणाली. मी उसळले. "करा, पण तोंड बंद ठेवून करा!" ती दुखावली आणि उठून गेली. मी तिला थांबवलं नाही.

महिन्याभराने दुभाष्याकडून त्या बाईचा निरोप आला. पुढच्या वर्षी कुणी येऊ नका, एवढं सांगून तिने म्हटलं होतं, "ती वाट मी माझ्या नवऱ्यालाही सांगितली नव्हती. फक्त तुम्हाला सांगितली."