शंकेखोर दादाचं इंटरनेट

दादा गेल्याची बातमी आली तेव्हा मला आधी रडू आलं नाही, शंका आली. सेवाग्रामच्या दवाखान्यातून त्याच्या लेकीचा, मंजूचा फोन होता. मी तिला विचारलं, कोणी सांगितलं? तू स्वतः पाहिलंस? डॉक्टर मोठे होते की शिकाऊ? पोरीने रडत रडत सगळ्याची उत्तरं दिली. आदल्या दिवशीच तर मी त्याला भेटून आले होते. सलाईन लावायला आलेल्या सिस्टरला तो बाटलीवरचं नाव वाचून दाखवायला लावत होता, आणि तिने वाचल्यावर मला खुणेने सांगत होता, तूही एकदा बघ... मी बघितलं. तेच नाव होतं. मग कुठे त्याने हात पुढे केला. आम्ही दोघं बहीणभाऊ एकाच माळेचे मणी.

दादा पुलगावला दारूगोळ्याच्या डेपोत स्टोअरला होता. तिथे काडेपेटी फाटकावरच काढून ठेवायची, आत जाताना झडती द्यायची, बाहेर येतानाही द्यायची. उभी नोकरी त्यात गेल्यामुळे झडतीत अपमान असतो हे त्याच्या गावीच नव्हतं. उलट जो आपली झडती घेत नाही त्याचं आपल्याकडे लक्ष नाही, असं तो मानायचा. निवृत्त होऊन त्याने सिंदी मेघेत घर बांधलं, मी वरच्या खोलीत राहायला आले, आणि बाजारातून आणलेली माझी पिशवी रोज ओट्यावर रिकामी होऊ लागली. अशा माणसाने एके दिवशी केबलवाल्याला बोलावून घरी इंटरनेट पाहिजे म्हणावं, हे काही मला सरळ वाटेना. गल्लीत तेव्हा कोणाकडेच नव्हतं. मला वाटलं, याला म्हातारपणी शेअरचा नाद लागला. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला.

"मंजी फोनवर बरी हाय म्हणते. तिची माय बी शेवटपर्यंत बरीच होती. मले पोरीचं तोंड पाहाचं हाय."

वहिनीने दुखणं लपवलं होतं. आम्हाला कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मंजू लग्न होऊन बंगळूरला गेली ती माहेरी आलीच नव्हती, आणि जावयाचं विचारलं की ऑफिसात आहेत एवढंच सांगायची. तिच्याकडे कंपनीने दिलेला कॉम्प्युटर होता, त्यावर कॅमेरा होता. आपल्याकडेही तसं झालं की पोरगी खरंच बरी आहे का ते डोळ्यांनी बघता येईल, असं दादाने मनाशी धरलं होतं.

केबलवाला आणि त्याचा माणूस तारेचं भेंडोळं घेऊन आले. दादाने दोघांच्या काडेपेट्या ओट्यावर ठेवून घेतल्या, अवजारांची पिशवी आत येताना तपासली, जाताना पुन्हा तपासली. काकाजी पोलिसात होते का, असं केबलवाल्याने मला हळूच विचारलं. तारेचे पैसे मीटरवर लागणार म्हटल्यावर दादा टेप घेऊन स्वतः गच्चीवर चढला. शेजारच्या गच्चीवरून सरळ येणारी तार कडुलिंबाला वळसा घालून का आणली, याची चौकशी झाली. वानरं झोके घेतात म्हणून, असं उत्तर मिळालं. ते त्याला पटलं नाही. जोडणीचे वेगळे, मोडेमचं डिपॉझिट वेगळं, महिन्याचे वेगळे, आणि ठरलेले एमबी संपले की त्यावर आणखी... न दिसणारा माल आणि त्याचं माप विकणाऱ्याच्याच हातात, हे त्याला मुळीच रुचेना. कॉम्प्युटर धरून पेन्शनमधून मागे टाकलेलं बरंचसं त्यातच गेलं. तरी दिलं. मात्र मोडेम आणि कॉम्प्युटर दोन्ही बाहेर पडवीत ठेवायला लावले आणि शेजारी वाळूची बादली. आग लागू शकते ती वस्तू माणसांपासून लांब, हा डेपोचा नियम.

पहिल्यांदा मंजू दिसली ती थांबत थांबत हलणारी, पण हसरी. मला भरून आलं. म्हटलं, झालं एकदाचं समाधान. आणि बघते तर दादा डोळे मिटून बसलेला. एवढा खर्च करून आणलेलं तोंड समोर होतं आणि हा नुसता ऐकत होता. मग त्याने डोळे उघडले.

"मंजे, कॅमेरा फिरव जरा."

"काऊन बाबा?"

"घर पाहू दे."

"पसारा आहे हो."

"पसाराच पाहाचा हाय मले."

ती बराच वेळ हलली नाही. मला वाटलं लाइन अडकली. मग चित्र सावकाश फिरलं... भिंत, पडदा नसलेली खिडकी, जमिनीवर एक गादी, बॅग, शेगडी. बाकी खोलीत काहीच नव्हतं. जावई टेम्पोत सामान भरून केव्हाच निघून गेला होता आणि पोरगी त्या घरात एकटी राहून आम्हाला बरी आहे म्हणून सांगत होती. फोनवर तिच्या बोलण्यामागे रिकाम्या शेडमध्ये घुमतो तसा आवाज येत होता आणि डोळे मिटून तो तोच ऐकत होता, असं दादाने मला नंतर सांगितलं. त्या वेळी तो तिच्यावर रागावला नाही, जावयाला शिवीही दिली नाही.

"दाराले कडी हाय ना?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. "मंग लावून ठेवजो. मी येऊन राह्यलो."

मिळेल त्या गाडीने तो गेला आणि तिला घेऊन आला. मंजू आता नागपुरात नोकरी करते, तिचं छान चाललं आहे. दादाने न सांगता जाऊन तशी खात्री केली होती.

त्याला जाऊन महिना होऊन गेला. पडवीतलं टेबल आहे, खुर्ची आहे. तार गच्चीवर नुसती लोंबते, आता सगळं हातातल्या फोनवरच दिसतं. संध्याकाळी मी त्या खुर्चीत बसते तेव्हा नातलगांचे फोन येतात, मंजूचाही येतो. कशी आहेस विचारतात. दादा असता तर धापा टाकत जिना चढून माझ्या खोलीत आला असता, पातेल्यावरचं झाकण उचलून मी जेवले की नाही ते बघितलं असतं, आणि तरी त्याचं समाधान झालं नसतं. मी बरी आहे म्हणते. आणि सगळे लगेच खरं मानतात.