पूर्णगडचं बाळ आणि चुकीच्या वाटेच्या शिरा

रत्नागिरीतल्या आमच्या नवजात विभागातून बाळं घरी जातात, पण त्यांच्या आजी-आजोबांचे किस्से इथंच राहतात. नर्सिंग करून मला इथं लागून दोनच वर्षं झाली, तरी एकट्या पूर्णगडच्या बाळाचेच इतके साठलेत!

*

बाळ दोन दिवसांचं. ऑक्सिजन लावूनही ओठ निळेच. आमच्या डॉक्टर मॅडमनी हृदयाची इको तपासणी केली आणि कागदावर चित्र काढून घरच्यांना समजावलं, "फुफ्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरा हृदयाच्या डाव्या बाजूला जायला हव्यात. याच्या जन्मतःच उजवीकडे गेल्यात. फार क्वचित होतं असं. आजच मुंबईला नेऊन ऑपरेशन करायला हवं, नाहीतर बाळ वाचणार नाही."

आजींनी सुनेकडे, सायलीकडे, रोखून बघितलं. "आमच्या घराण्यात कुणाच्या शिरा अशा नाहीत हो!"

"तुमच्या कधी तपासल्यात?" मी विचारलं.

मॅडमनी मला बाहेर पाठवलं!

*

बाहेर आजोबा, तात्या, तो कागद उलटा धरून बसलेले.

"अगो, बाहेरनं चोळून सरकायच्या नाहीत का शिरा? आमची मालीशवाली फार हुशार आहे."

"तात्या, हृदय आहे ते. मुरगळलेला पाय नव्हे!"

*

बाळाचा बाबा मुंबईला नोकरीला. बातमी कळताच तो एसटीत बसला. सायलीने फोन लावला.

"कुठे पोचलास?"

"पनवेल! येतोच मी!"

"उतर! आम्हीच येतोय!"

*

अँब्युलन्स दारात उभी, आणि तात्या आडवे! "देवाचा कौल घेतल्याशिवाय पोर हलायचं नाही."

कौल म्हणजे देवाच्या दोन्ही बाजूंना कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाळाचं सोयर असल्याने तात्यांना देवळात जाता येईना, म्हणून गुरवाला फोन! माझं डोकं असं तापलं म्हणता!

सायली मात्र टाके सांभाळत गाडीत चढली. "तुम्ही विचारा, तात्या. देव काय म्हणतो ते मला मुंबईला कळवा!"

दार बंद. गाडी सुटली!

*

महिन्याभराने सगळे बाळाला घेऊन दाखवायला आले. ऑपरेशन छान झालेलं. बाळ गुलाबी, आणि रडणं असं की शेजारची तिन्ही बाळं जागी! मी नाचायचीच काय ती बाकी होते.

"काय तात्या, त्या दिवशी कौल कुठला पडला?" मी खोचकपणे विचारलं.

"डावा."

सायलीच्या हातातलं दुपटं गळालं. "आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"त्यात बोलायचं काय गो? मी गुरवाला गाऱ्हाणंच तसं घालायला लावलं होतं. 'महाराजा, पोराच्या शिरा डावीकडे जायच्या आहेत. या खेपेस उजवीकडे अजिबात बघू नकोस!'"