पहिला चेंडू माफ

आमच्या मराठी मंडळातले पुरुष क्रिकेट बघतात, क्रिकेट बोलतात आणि पोट सावरत क्रिकेट खेळतातही. मला त्यांच्यापैकी एकाचंही क्रिकेट सहन होत नाही. मी कोल्हापूरला विद्यापीठाकडून ऑफस्पिन टाकत असे, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून ते मला मोठ्या आदरानं विचारतात, "वहिनी, स्कोअर लिहाल का?"

माझा नवरा इथं आखातात, अबकैकच्या तेल प्रकल्पात इंजिनिअर. त्याची बहीण समुद्रावरच्या लांब पुलापलीकडे, एका इवल्याशा बेटदेशात राहते. काही वर्षांपूर्वी तिच्या गॅलरीतून मी त्या देशाचा महिला संघ पहिल्यांदा पाहिला. समोरच्या शाळेच्या बास्केटबॉल कोर्टवर, स्टंपच्या जागी कचऱ्याचा डबा ठेवून, आठ-नऊ बायका सराव करत होत्या. बहुतेक आमच्यासारख्याच बाहेरून आलेल्या, कुणी नर्स, कुणी शिक्षिका, एक पार्लरवाली, आणि टोपीखाली हिजाब घातलेली तिथलीच एक मुलगी. लांबून फेकलेला चेंडू किपरपर्यंत घरंगळतच यायचा. "हा म्हणे राष्ट्रीय संघ!" म्हणत मी इतकी हसले, की नणंदेनं माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला.

पुढं दर भेटीत मी गॅलरीत जाऊन उभी राहायची, ती नावं ठेवायलाच. पण नावं ठेवायला जागा कमी कमी होत गेली. डबा जाऊन खरे स्टंप आले. मग त्यांना शहराबाहेर मॅटिंगची खेळपट्टी मिळाली, तर मी नणंदेला तिथंही गाडीनं घेऊन गेले. फेक आता थेट ग्लोव्हजमध्ये बसत होती. ती नर्स कॅप्टन झाली होती. ड्यूटी संपवून सरळ मैदानावर यायची आणि उशिरा येणारीला, मग ती कुणी का असेना, मैदानाला फेऱ्या मारायला लावायची. मोठ्या देशांकडून सडकून मार खाऊन आल्या, तरी पुढच्या शुक्रवारी सगळ्या हजर. मला याचा राग यायचा. मी लग्नानंतर किटबॅग माळ्यावर टाकली आणि या बायका नोकरी, पोरंबाळं सांभाळून देशाकडून खेळतायत, हे बघून कुणाला बरं वाटेल?

माझी मुलगी मात्र त्यांच्यावर फिदा. बारावी झाली की आत्याकडे राहायचं, तिथंच कॉलेज करायचं आणि ठरावीक वर्षं तिथं राहण्याची अट पुरी झाली की त्या संघातून खेळायचं, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. तिनं कॅप्टनलाही गाठलं. कॅप्टननं सांगितलं, की एकदा आमच्याविरुद्ध खेळ, मग तुला सरावाला घ्यायचं की नाही ते सांगते.

ती संधी आमच्या मंडळानंच दिली. वार्षिक स्पर्धेत अध्यक्षांनी त्या संघाला बोलावलं, "आपल्या लेडीजबरोबर मैत्रीपूर्ण सामन्यासाठी". वेळ दिली पुरुषांच्या फायनलनंतर, ऐन बिर्याणीच्या वेळची. आम्हाला गुलाबी टी-शर्ट, पाठीवर 'सुपर मॉम'. माझ्या सतरा वर्षांच्या मुलीच्याही पाठीवर तेच. मग बैठकीत नियम ठरले. चेंडू हाताखालून टाकायचा, एक टप्पा पडून झेल घेतला तरी आउट, आणि प्रत्येकीचा पहिला चेंडू ट्राय बॉल, म्हणजे त्यावर कुणीच आउट नाही. "लेडीज आहेत, पहिल्याच बॉलला गेल्या की चेहरे पडतात," अध्यक्ष म्हणाले.

मी उसळले. असला पोरखेळच करायचा तर त्यांना पुलावरून कशाला बोलावता, म्हणून एकेक नियम खोडायला लावला. ट्राय बॉलवर तर अर्धा तास भांडले. शेवटी अध्यक्ष वैतागून म्हणाले, "मग वहिनी, अंपायर तुम्हीच व्हा." जेवणाच्या वेळी उन्हात उभं राहायला एकही मर्द तयार नव्हता. मी झाले.

वाळूचं मैदान, मधोमध सिमेंटची पट्टी, तिच्यावर मॅट. पाहुण्यांनी आधी फलंदाजी केली आणि आमच्या सुपर मॉमना वाळूत पळवून पळवून घामाघूम केलं. आमच्याही बायका कमी नाहीत. एकीनं हातातला झेल सोडला, तो गॉगल सावरताना. तंबूतून पुरुष "वेल ट्राइड, भाभी!" ओरडत होते, हातात प्लेटा घेऊन.

आमची फलंदाजी सुरू झाली आणि दोघी झटपट गेल्या. मग मुलगी आली. तिनं मला, म्हणजे अंपायरला, गार्ड विचारला. "मिडल, प्लीज." 'मम्मी' अशी हाक मारली नाही. पार्लरवालीनं चेंडू टाकला. तो टप्पा पडून आत वळला आणि मधला स्टंप मागे जाऊन पडला.

कॅप्टन मिडऑफला उभी होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "ट्राय बॉल! नॉट आउट!"

तंबूत टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी प्लेट उंचावली. "एकदम बरोबर, वहिनी!" इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच बरोबर म्हटलं होतं.

"मम्मी, आय वॉज बोल्ड," मुलगी हळूच म्हणाली.

"थांब. मंडळाचा नियम आहे."

"नहीं है. तुमने ही हटवाया था." हे कॅप्टनलाही कळावं म्हणून हिंदीत.

तिनं बॅट काखेत मारली आणि ती चालू लागली. तिला थांबवायला पसरलेले हात तसेच ठेवून मी उभी होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सामना अर्थातच पाहुण्यांनी जिंकला. निघताना कॅप्टन मुलीजवळ आली. "शुक्रवार को आना. टाइम पे." मग माझ्याकडे वळली. आवाज अगदी शांत, नर्स नातेवाइकांना वॉर्डबाहेर थांबायला सांगते तसा. "आप गाड़ी में बैठिएगा."

आता मुलगी आत्याकडेच राहते. दर शुक्रवारी मी पूल ओलांडून जाते आणि मैदानाशेजारी गाडीत बसते. परवा सरावाच्या सामन्यात ती पहिल्याच चेंडूवर आउट झाली. मला काचेतून स्पष्ट दिसलं. मी गाडीचं दार अर्धं उघडलं होतं. कॅप्टननं लांबूनच वळून गाडीकडे पाहिलं. मी दार लावून घेतलं.