पहिल्या साठ शब्दांचा संपादक

मामाच्या हाताखाली बारा लेखक आहेत आणि तो त्यांना इतकं पिळतो की एकालाही जिना उतरून खाली यायची सवड मिळत नाही, अशी आमच्या इमारतीत बोलवा आहे. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी तर आईला जिन्यातच गाठलं. "तुमचा भाऊ माणसं कोंडून ठेवतो म्हणे. जेवायला तरी घालतो ना?"

खरी गोष्ट अशी की मामाच्या वरच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, कुरकुरणारा पंखा आणि मामा एवढाच ऐवज आहे. मामाला कोंडायची गरजच नाही. तो आपण होऊनच उठत नाही.

मामा सात ब्लॉग चालवतो, घरदुरुस्तीपासून सायकलींपर्यंत. लिहीत मात्र एकावरही नाही. लिहिणारी माणसं त्याने हेरून ठेवली आहेत. त्यांना लोण्यासारखी मऊ पत्रं पाठवून त्याने रीतसर परवानग्या मिळवल्या आणि मग एक प्रोग्राम रचला. हा प्रोग्राम सकाळी त्यांचे नवे लेख उचलतो, पहिले साठ शब्द कापून घेतो, खाली 'पुढे वाचा' असं लिहून मूळ लेखाची वाट दाखवतो आणि सगळीकडे एकदम प्रसिद्ध करून मोकळा होतो. मामा तेव्हा भिंतीकडे तोंड करून घोरत असतो. याला तो 'संपादन' म्हणतो.

घरसामान विकणारी एक कंपनी या ब्लॉगांवर जाहिराती देते आणि त्यावर मामाचं चालतं. नाही चाललं तर काय, हेही ठरलेलं आहे. मोठ्या मामाचं फरशांचं दुकान. तिथे नऊ वाजता, कॉलरचा शर्ट घालून, नमुन्याच्या बाथरूमशेजारी उभं राहायचं. मामाने पूर्वी थोडे दिवस ते केलंय. गिऱ्हाईक भाव विचारायचं आणि हा म्हणायचा, "महाग आहे हो, कशाला घेताय?"

ब्लॉगांपैकी धो धो वाचला जाणारा एकच, कुंडीतल्या झाडांचा. त्याचा सगळा माल येतो एका निवृत्त नर्सबाईंकडून. मामा त्यांना कुंडीबाई म्हणतो. कुंडीबाई झाडांबद्दल लिहीत नाहीत, झाडं पाळणाऱ्यांना झापतात. आणि झापताना सुरुवात करतात ती अशी: "पानं पिवळी पडली का? अगंबाई! मग असं करा, छान उकळता चहा करा आणि घाला ओतून मुळाशी. तरी नाही सुधारलं तर धुण्याच्या पावडरीत भिजत घाला." असं सगळं रंगवून झालं की मग पुढचा परिच्छेद, "असं करणाऱ्याच्या हाती प्लास्टिकचं फूलसुद्धा देऊ नये", आणि त्यानंतर खरा उपाय.

साठ शब्द कुठे संपतात ते लक्षात आलंच असेल. आणि 'पुढे वाचा' कोण दाबतो?

एके दिवशी ब्लॉगवर प्रतिक्रिया यायला लागल्या. "बाई, चहा ओतला. साखर घालायची होती का?" "पावडर कोणत्या कंपनीची?" एकाने तर काळ्या पडलेल्या रोपाचा फोटो टाकून खाली लिहिलं, "कडक झालाय."

दुपारी फोन वाजला. मामाने आडव्याआडव्याच उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"संपादक आपणच का?"

"हो, बोला."

"आपण वाचता का हो?"

"म्हणजे... नजर टाकतो."

"कुठे टाकता? माझ्या नावावर लोक झाडं उकडतायत इथे! परवानगी रद्द. उद्यापासून माझी एक ओळ उचलायची नाही."

मामा उठून बसला. तेवढ्यात त्या प्रतिक्रिया बघून कंपनीचाही निरोप आला: झाडांचा ब्लॉग बंद, तर जाहिराती बंद. आणि आईने ही बातमी पोचवल्यामुळे मोठ्या मामाचाही फोन आला, लाडात. "ये रे, जागा रिकामीच आहे. तुला संडासाच्या भांड्यांचा विभाग देतो."

मामाच्या पाचावर धारण बसली. त्याने कुंडीबाईंना परत फोन लावला आणि आवाजात इतका मध ओतला की माझेच दात शिवशिवले. "बाई, साठाऐवजी दोनशे शब्द घेतो."

"आणि मी दोनशे एकाव्या शब्दावर शहाणी झाले तर?"

"मग... तीनशे?"

"हे बघा संपादक," बाई म्हणाल्या. "लेख पूर्ण छापायचा. शेवटपर्यंत वाचायचा, मग स्वतःच्या बोटाने बटण दाबायचं. लेखात काय आहे ते मी मधेच कधीही विचारीन. आणि आधी माफी मागायची, सातही ठिकाणी, स्वतःच्या नावाने. महिनाअखेरपर्यंत बघते, मग ठरवते."

मामाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या ब्लॉगवर स्वतः लिहिलं. "आम्ही वाचलं नाही. तुम्हीही वाचलं नाहीत. झाडं बिचारी गेली." बाईंचा निरोप आला, "बरं आहे. 'बिचारी' काढा."

त्या संध्याकाळी मी मामाला म्हटलं, "तू चार दिवसांत परत प्रोग्रामच्या हाती देणार बघ."

"लाव पैज."

लावली. तो हरला तर मला त्याचा जुना कॅमेरा. मी हरले तर मांजरांच्या ब्लॉगचे सगळे लेख सुट्टीभर मी वाचायचे, शेवटच्या ओळीपर्यंत.

पहिल्या आठवड्यात तो जांभया देत वाचायचा. बाईंचा फोन आला की शाळेतल्या पोरासारखा धडाधडा उत्तरं द्यायचा. मग एक दिवस मी त्याला रंगेहाथ पकडायला दार ढकललं, तर हा टेबलाशी ताठ बसून फोनवर भांडत होता. "नाही बाई, शेवटचा परिच्छेद मला पटला नाही. वाळूचं प्रमाण जास्त होतंय. आणि त्या गुलाबाला तुम्ही उगाच बोललात." पलीकडून बाई काय म्हणाल्या कुणास ठाऊक, पण मामा खूष होऊन म्हणाला, "मग बदला की! मी थांबतो, बटण दाबलं नाहीये अजून."

महिनाअखेरीला बाईंनी परवानगी वाढवून दिली, जाहिराती राहिल्या आणि मामा कॉलरच्या शर्टातून वाचला.

माझी सुट्टी कालपासून लागली आहे. मांजरांबद्दल लोक फार लांबलचक लिहितात.